शेंगदाण्यातलं विष आणि कार्बन नॅनोट्यूबचा सेन्सर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं मी प्रयोगशाळेत कार्बन नॅनोट्यूब वापरून अन्नातलं विष हुडकणाऱ्या सेन्सरवर काम केलं. ओळखीत कुणाला हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे आपण पितो ते दूध विषारी आहे का?" आणि दुसरा, "ते यंत्र मिळतं कुठे?" या दोन प्रश्नांच्या अधेमधे जे जे विचारलं जातं ते इथे घेतलंय. अन्नात सापडणारी विषं बरीच आहेत. आपल्या ताटाशी सगळ्यात जवळचं अफ्लाटॉक्सिन, म्हणून बोलणं मुख्यतः त्याच्याविषयीच आहे.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीच ना? बुरशी आलेला दाणा फेकला की झालं.

बुरशी नव्हे, बुरशीने तयार केलेलं रसायन. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची पिवळट-हिरवी बुरशी भुईमूग, मका, सरकी, सुकी मिरची अशा मालावर वाढते आणि वाढता वाढता हे विष सोडते. नावसुद्धा तिच्यावरूनच पडलंय : अ‍ॅस्परजिलसचा 'अ' आणि फ्लेव्हसचा 'फ्ला'. बुरशी आणि विष यांतला हा फरक लक्षात ठेवावा लागतो, कारण माल उन्हात घातला, बुरशी मेली, दाणे झटकून स्वच्छ केले तरी विष दाण्यातच राहतं. भाजल्याने थोडं कमी होतं, पण संपत नाही. त्यातला सर्वांत घातक प्रकार बी-१ वितळायलाच अडीचशे अंशांच्या वर तापमान लागतं.

आणखी एक गैरसमज खवटपणाचा. दाणा खवट लागतो तो त्यातलं तेल बिघडल्यामुळे. खवट दाण्यात अफ्लाटॉक्सिन असेलच असं नाही आणि गोड लागणाऱ्या दाण्यात ते नसेलच असंही नाही. जिभेवर विसंबून इथे काही ठरवता येत नाही.

याचा शोध कसा लागला? माणसं खरंच दगावली आहेत का?

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिल्लं पटापट मेली. कारण कळेना म्हणून रोगाला 'टर्की एक्स' नाव दिलं गेलं. माग काढत गेल्यावर ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचले. या विषांची विभागणीही त्याच सुमाराची : अतिनील प्रकाशात निळी चमकतात ती 'बी' आणि हिरवी चमकतात ती 'जी', म्हणजे ब्लू आणि ग्रीन.

आपल्याकडची घटना १९७४ची. गुजरातमधला पंचमहाल आणि राजस्थानातला बांसवाडा, दोन्ही आदिवासी जिल्हे. रोजचं खाणं मका. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, कणसं भिजली, आणि तोच मका खाण्यावाचून लोकांना पर्याय नव्हता. कावीळ, पोटात पाणी, आणि शंभराहून जास्त मृत्यू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा मक्यात दर किलोला ६ ते १५ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडलं. घरातली उरलंसुरलं खाणारी कुत्रीही तशीच आजारी पडली होती. २००४मध्ये केनियात मक्यामुळेच १२५ माणसं गेली.

इतक्या मोठ्या मात्रेने माणूस लगेच दगावतो. आपल्याकडे रोजची काळजी आहे ती थोड्या थोड्या मात्रेची, वर्षानुवर्षं पोटात जाणारी. त्यातून यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकलंय. हिपॅटायटिस बी झालेल्यांना धोका कितीतरी पट वाढतो.

मग दुधाचा काय संबंध? गाय काही शेंगदाणे खात नाही.

पेंड खाते ना! घाण्यात तेल निघालं की विषाचा मोठा भाग पेंडीत उरतो. ती पेंड, सरकी, ओला झालेला मक्याचा भरडा गाई-म्हशींच्या गव्हाणीत जातो. जनावराच्या यकृतात बी-१चं रूपांतर एम-१मध्ये होतं आणि ते दुधात उतरतं. 'एम' मिल्कचा. खाल्लेल्या विषाचा साधारण एक ते दोन टक्के भाग दुधात येतो, भरपूर दूध देणाऱ्या गाईंमध्ये त्याहून जास्त, आणि तेही दिवसभरात. उलट, पेंड बदलली की काही दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होतं. तापवून मात्र ते जात नाही.

लाकडी घाण्याच्या तेलाबद्दलही हल्ली फार विचारतात. रिफाइंड तेलात अल्कली आणि ब्लीचिंगच्या टप्प्यात अफ्लाटॉक्सिन जवळजवळ निघून जातं; घाण्याचं तेल नुसतं गाळलेलं असतं. त्यामुळे घाणेवाला दाणे कसे घेतो, निवडतो की नाही, हे विचारून घ्या. घाण्याच्या तेलाला माझा विरोध नाही, आमच्याही घरी येतं.

किती प्रमाण 'चालतं'?

भारतात धान्य आणि डाळींमध्ये दर किलोला १५ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग), दुधात एम-१ दर किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्यात एकूण ४, आणि दुधात ०.०५. म्हणजे दुधाच्या बाबतीत तिथला नियम आपल्या दहापट कडक.

आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर वीस हजार लिटरचा दुधाचा टँकर घ्या. आपल्याकडच्या मर्यादेइतकं विष असेल तर अख्ख्या टँकरमध्ये ते १० मिलिग्रॅम भरेल, मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढं. सेन्सरने हुडकायचं ते एवढंसं.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८मध्ये देशभर दुधाची पाहणी केली. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम-१ मर्यादेच्या वर होतं. दूध पिणं सोडावं असा याचा अर्थ नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका हा आकडा लहानही नाही.

सध्या तपासणी कशी होते?

कोर्टात टिकेल असा निकाल हवा तर एचपीएलसी नावाचं यंत्र, नमुन्यातले पदार्थ वेगवेगळे करून मोजणारं. ते लाखांच्या घरात, चालवायला शिकलेला माणूस, आणि नमुना पाठवल्यापासून अहवाल येईपर्यंत माल कधीच विकला गेलेला. त्याखालोखाल एलायझा, म्हणजे रंग किती गडद येतो त्यावरून विष मोजणारी चाचणी; एका ट्रेवर बरेच नमुने एकदम होतात, दोन-तीन तास लागतात. डेअरीच्या गेटवर चालते ती पट्टी, घरच्या गर्भचाचणीसारखी, लाल रेघ येणारी. ती लाल रेघ म्हणजे सोन्याचे नॅनोकण. नॅनो तंत्र दूध डेअरीत कधीच येऊन बसलंय, फक्त कुणी त्याला त्या नावाने हाक मारत नाही. पट्टीची अडचण ही की ती 'आहे-नाही' चांगलं सांगते. 'किती' सांगायला वेगळं वाचनयंत्र लागतं.

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे नेमकं काय?

पेन्सिलीच्या शिशात कार्बनचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. त्यातला एक पत्रा उचलून पानाच्या सुरळीसारखा गुंडाळा, कडा अशा जोडा की सांधा दिसू नये. ही झाली एकपदरी नळी, जाडीला साधारण एक नॅनोमीटर. आपला केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. एकात एक अशा अनेक नळ्या असल्या की बहुपदरी. जपानमधल्या सुमिओ इजिमा यांनी १९९१मध्ये बहुपदरी नळ्यांचं स्पष्ट चित्र जगापुढे आणलं. तशा नळ्यांचे फोटो सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२मध्येच छापले होते, पण रशियन नियतकालिकात, त्यामुळे इतरांच्या वाचनात ते फारसे आलेच नाहीत.

सेन्सरवाल्यांना ती का आवडते, तर एकपदरी नळीला आतला भाग असा नसतोच. प्रत्येक अणू पृष्ठभागावर. साध्या तारेवर काही येऊन चिकटलं तर तारेच्या पोटातून वाहणाऱ्या विजेला त्याचा पत्ताही लागत नाही. इथे वीज पृष्ठभागावरूनच वाहते, त्यामुळे शेजारी काही येऊन बसलं की ती अडते किंवा मोकळी होते. २०००मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एका नळीवर अमोनिया आणि नायट्रोजन डायऑक्साइड वायू ओळखून दाखवले, तिथून या कामाला वेग आला.

खोड एकच. पत्रा कोणत्या तिरकसपणाने गुंडाळला जातो त्यावर नळी धातूसारखी होणार की सेमिकंडक्टरसारखी (वीज कधी नेणारी, कधी अडवणारी) हे ठरतं. तयार मालात साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात आणि ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे विजेचा प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, कामी त्या नुसत्या आडव्या येतात. खड्यांसकट आलेले तांदूळच म्हणा, निवडत बसावं लागतं.

नळीला अफ्लाटॉक्सिन ओळखता येतं?

अजिबात नाही, आणि ही गोष्ट बातम्यांत हमखास चुकते. नळी फक्त निरोप्या आहे. ओळखणारा वेगळा असतो : अँटिबॉडी (ठरावीक रेणूलाच चिकटणारं प्रथिन) किंवा अ‍ॅप्टामर. अ‍ॅप्टामर म्हणजे डीएनएचा छोटा धागा, जो एका ठरावीक रेणूभोवतीच घडी घालतो. नळीवर पायरीन नावाचा चपटा रेणू गोंदासारखा बसवायचा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला हा ओळखणारा बांधायचा.

इथून पुढे दोन वाटा आहेत. एकीत नळ्यांचा ट्रान्झिस्टर करतात. दुसरीत बहुपदरी नळ्यांचा थर इलेक्ट्रोडवर देतात, म्हणजे जागा वाढते आणि इलेक्ट्रॉनची ये-जा सोपी होते. मग त्यावर नेहमीची विद्युत-रासायनिक मोजणी. दुसरी वाट रटाळ वाटते, पण प्रत्यक्षात टिकते तीच. मी तिच्यावरच होतो.

अफ्लाटॉक्सिनची गोची अशी की तो रेणू चिमुकला आहे, रेणुभार ३१२ फक्त, आणि त्याच्यावर विद्युतभारही नाही. अँटिबॉडीचा रेणुभार दीड लाख. हत्तीच्या पाठीवर चिमणी बसली तर हत्तीखालच्या काट्याला काय कळणार? म्हणून युक्ती उलटी करतात, संगीत खुर्चीसारखी. इलेक्ट्रोडवर आधीच अफ्लाटॉक्सिन बांधून ठेवायचं. नमुन्यात मोजून अँटिबॉडी घालायच्या. नमुन्यात विष असेल तर अँटिबॉडी तिथेच गुंततात, इलेक्ट्रोडपर्यंत थोड्याच येतात. सिग्नल जितका कमी, विष तितकं जास्त. अ‍ॅप्टामर वापरला तर दुसरी सोय होते : विष पकडताना धागा स्वतः घडी बदलतो, त्याच्यावरचा ऋणभार नळीजवळ किंवा नळीपासून दूर सरकतो, आणि वीज बदलते.

अँटिबॉडी बरी की अ‍ॅप्टामर?

ट्रान्झिस्टरसाठी अ‍ॅप्टामर. कारण क्षारांचं पाणी. दुधासारख्या द्रवात क्षारांचे आयन कुठल्याही विद्युतभाराभोवती गर्दी करून त्याला झाकून टाकतात. जेमतेम एका नॅनोमीटरपलीकडे तो जाणवत नाही. अँटिबॉडी दहा-पंधरा नॅनोमीटर उंच. तिच्या डोक्यावर काय घडलं ते खाली नळीला ऐकूच येत नाही. अ‍ॅप्टामर बुटका, नळीला लगटून बसणारा. शिवाय अँटिबॉडीला फ्रिज लागतो आणि आपल्याकडे वीज जाते.

दुधाचा थेंब टाकला की आकडा येईल?

जाहिरातीत येतो. माझ्याकडे काय झालं ते सांगतो.

नळ्यांची पूड डायमिथाइल फॉर्मामाइड नावाच्या द्रावकात टाकून अल्ट्रासॉनिक बाथमध्ये ठेवायची. डास कानाशी आल्यासारखा तो बाथ तासभर गुणगुणतो आणि शाईसारखं काळं द्रावण तयार होतं. ते रात्रभर ठेवलं तर सकाळी तळाशी काजळी, वर स्वच्छ द्रव. नळ्यांना एकमेकींना चिकटून जुडी करायची भारी हौस. म्हणून ताजं असतानाच पिपेटने एक थेंब तीन मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवर. थेंब वाळताना कड काळी होते, मध्य फिका, चहाच्या कपाखाली गोल डाग पडतो तसाच. एकाच हाताने, एकाच दिवशी केलेले दहा इलेक्ट्रोड दहा तऱ्हेचे.

तरी चिकाटीने जमवलं. बफरच्या द्रावणात, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ क्षारपाण्यात, सरळ रेघ आली, देखणी. मग दूध टाकलं. सिग्नल बदबदा पडला, विष असलेल्या दुधात आणि नसलेल्या दुधातही! दुधातलं केसिन जाऊन नळ्यांवर बसलं होतं. कार्बनच्या पृष्ठभागाला प्रथिनं आणि स्निग्धांश फार आवडतात. त्यानंतरचे आठ महिने 'दुधाला चिकटू कसं द्यायचं नाही' यातच गेले : साय काढा, गाळा, पातळ करा, रिकामी जागा आधीच अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाने भरून टाका. शेंगदाण्याचं तर याहून किचकट. दाणे दळायचे, मिथेनॉल-पाण्यात घुसळायचे, तेल वेगळं करायचं, गाळायचं. सेन्सर पाच मिनिटांत उत्तर देतो हे खरं. त्याआधीचा अर्धा तास कुणी मोजत नाही.

संशोधनात तर 'पिकोग्रॅमपर्यंत ओळखतो' असं लिहिलेलं असतं.

असतं, आणि खोटं नसतं. (पिकोग्रॅम म्हणजे मायक्रोग्रॅमचा दहा लाखावा भाग.) पण कायद्याला हवंय किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. त्याच्या हजारपट खाली मोजता आलं म्हणून दूध संकलन केंद्रावरच्या माणसाचं काही सोपं होत नाही. असा दावा वाचलात तर तीन गोष्टी शोधा : मोजणी बफरमध्ये झाली की खऱ्या दुधात, किती वेगवेगळ्या सेन्सरवर केली, आणि महिनाभर पडून राहिलेला सेन्सर तेच उत्तर देतो का. तिसऱ्याचं उत्तर बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतं, किंवा नसतंच.

ग्लुकोमीटर घरोघरी पोचला, मग हे का नाही?

ग्लुकोजच्या बायोसेन्सरची कल्पना १९६२ची, क्लार्क आणि लायन्स यांची. तिथे दोन गोष्टी जमून आल्या. एक, रक्तात ग्लुकोज रग्गड असतं, डेसिलिटरला ९० मिलिग्रॅमच्या आसपास. दुधातल्या एम-१च्या मर्यादेशी तुलना केली तर सुमारे १८ लाख पट. दोन, तिथे एन्झाइम काम करतं : एक रेणू फोडला, दुसरा घेतला, असं सतत, म्हणजे सिग्नल आपोआप वाढत जातो. अँटिबॉडी एकदा पकडते आणि बसून राहते.

एका पोत्यातला एक चमचा तपासून पोतं पास करता येईल का?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. खरी मेख इथेच आहे.

विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो चांगल्या दाण्यांत एखादाच नासका, पण तो भयंकर. एकेकट्या दाण्यात किलोमागे १० लाख मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने अफ्लाटॉक्सिन सापडल्याची नोंद आहे. असा एक दाणा अर्धा ग्रॅमचा धरा : त्यात ५०० मायक्रोग्रॅम विष झालं. दाण्यांनाही किलोमागे १५ मायक्रोग्रॅमचीच मर्यादा धरून भागा. तो एक दाणा ३३ किलो दाणे मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. ३३ किलोत दाणे सुमारे ६६ हजार. तुम्ही पोत्यात पोकळ सळई खुपसून काढलेल्या पसाभर दाण्यांत तो असेल की नाही, हा निव्वळ नशिबाचा भाग. नसला तर जगातला सर्वांत हुशार सेन्सर 'माल उत्तम' म्हणेल. असला तर अख्खा ट्रक परत.

म्हणून युरोपात जाणाऱ्या मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणचे मिळून २० किलो दाणे काढतात, दळून एकजीव करतात आणि मग त्यातला थोडासा घेतात. नमुना काढण्याच्या या अडचणीवर नॅनोट्यूबकडे तोडगा नाही. दूध या बाबतीत बरं, कारण ते ढवळलेलं असतं. टँकरमधला एक थेंब पूर्ण टँकरबद्दल बोलतो. म्हणून मला विचाराल तर हा सेन्सर आधी दुधात चालेल, शेंगदाण्यात बराच नंतर.

नळ्या अन्नात मिसळल्या तर?

तपासलेला थेंब आपण पीत नाही, फेकतो. इलेक्ट्रोडवर नळ्या असतात त्याही मायक्रोग्रॅममध्ये, चिकटलेल्या. काळजी कारखान्यातल्या आणि प्रयोगशाळेतल्या माणसाची. कोरडी पूड उडते. लांब, ताठ, बहुपदरी नळ्या फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉससारख्या वागू शकतात. त्यातल्या एका विशिष्ट प्रकाराला 'माणसात कर्करोगाची शक्यता' या गटात घातलेलं आहे. पूड तोलताना मास्क आणि बंद कपाट हवंच. वापरलेल्या पट्ट्या कचऱ्यात कशा टाकायच्या याचा विचार या क्षेत्रात अजून तोकडा आहे.

अफ्लाटॉक्सिनखेरीज आणखी कशासाठी?

मला आवडलेलं काम कागदाचं आहे. २००९मध्ये मिशिगन विद्यापीठाचे निकोलस कोटोव्ह आणि चीनमधलं जिआंगनान विद्यापीठ यांनी साधा कागद नॅनोट्यूब आणि अँटिबॉडीच्या शाईत बुडवून वाळवला आणि त्यावर पाण्यातलं मायक्रोसिस्टिन ओळखलं, एलायझाच्या निदान २८ पट कमी वेळात. मायक्रोसिस्टिन हे निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष. जिआंगनान विद्यापीठ ज्या वूशी शहरात आहे, तिथल्या ताइहू सरोवरात २००७मध्ये असं शेवाळ माजून शहराचा नळ बंद पडला होता. गरज दाराशी आली की काम असं होतं.

मग आज विकत काय घ्यायचं?

डेअरी किंवा घाणा चालवत असाल तर पट्टी आणि तिचं वाचनयंत्र घ्या, शंका आली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. नॅनोट्यूबचे सेन्सर संशोधनाच्या पानांवर ढिगाने आहेत, संकलन केंद्राच्या टेबलावर नाहीत.

आणि घरी?

घरी यंत्र नकोच. भुईमूग काढल्यावर दाण्यातला ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवा, थेट जमिनीवर पोती ठेवू नका, गुरांना कुबट वास येणारी पेंड घालू नका. दुकानातून आणलेले दाणे निवडा. आमच्याकडे आई सुपात घेऊन बसायची : सुरकुतलेला, काळा पडलेला, फुटका, कोंब आलेला, साल सुटून रंग बदललेला दाणा बाजूला. विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असतं, म्हणून हे हाताने निवडणं खरोखर लागू पडतं; शेंगदाण्याच्या कारखान्यांत हेच काम रंग ओळखणारे कॅमेरे करतात. आई ते बाजूचे दाणे मात्र कोंबड्यांना टाकायची. ते करू नका.